कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड आणि भिंतीतले गोचीड

कोरेगाव तालुक्यातील आमच्या घरी दोन वर्षांपूर्वी चैत्रात एका रात्री वीज गेली. फ्यूज पाहावा म्हणून मी बॅटरी घेऊन ओसरीवर आलो आणि उजेड दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यावर पडला. लाकूड आणि गिलावा यांच्यामध्ये बोटभर लांबीची फट पडलेली होती आणि तिच्यातून मसुराच्या दाण्याएवढे चपटे, तांबूस जीव ओळीने भिंतीवर चढत होते. फटीच्या आत एरंडाच्या बीसारखी फुगलेली, राखाडी रंगाची एक मादी बसली होती आणि तिच्या पुढ्यात खसखशीहून बारीक, तपकिरी अंड्यांचा चकचकीत पुंजका होता. त्याच चौकटीखाली गोणपाटावर आमचा भुऱ्या रोज झोपत असे. त्याआधीचे दोन महिने मी दर संध्याकाळी त्याच्या अंगावरचे गोचीड वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होतो, तरी दुसऱ्या दिवशी तितकेच सापडत. माझी वेचणी चुकत नव्हती, परंतु मी कुत्र्यावर उपाय करत होतो आणि गोचिडांचे घर माझ्याच घराच्या भिंतीत होते.

गोचिडांवर कोणते औषध घ्यावे, हा प्रश्न औषधाच्या दुकानात जाऊन विचारण्याआधी हा जीव राहतो कसा हे समजून घेतले तर पैसेही वाचतात आणि कुत्र्याचे हालही.

गोचीड हा कीटक नव्हे. तो कोळी आणि विंचू यांच्या वर्गातला आहे. आपल्याकडे घरच्या कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणाऱ्या तपकिरी गोचिडाला शास्त्रात रिपिसेफॅलस सँग्विनियस म्हणतात. अंड्यातून सहा पायांचे पिल्लू बाहेर येते, ते कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पिते आणि खाली उतरते. फटीत जाऊन कात टाकते आणि आठ पायांच्या मधल्या अवस्थेत जाते. ही अवस्था पुन्हा कुत्र्यावर चढते, पुन्हा खाली उतरते, पुन्हा कात टाकते आणि मग प्रौढ होते. प्रौढ मादी आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ रक्त पिऊन टम्म फुगते, शेवटची खाली उतरते, एका दमात नव्हे तर बरेच दिवस अंडी घालत राहते आणि मरते. एका मादीची अंडी हजारांत मोजावी लागतात. चार हजारांपर्यंतही जातात. उबदार हवामानात हे सारे चक्र दोन-तीन महिन्यांत पुरे होते, आणि कुत्रा मिळाला नाही तर प्रौढ गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो.

या हिशोबात दोन गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली अशी की कोणत्याही एका दिवशी आपल्याला कुत्र्यावर दिसणारे गोचीड हे एकूण वस्तीतले थोडेच असतात. बाकीचे अंडी, पिल्ले आणि कात टाकणारे जीव या रूपांत आसपास दडलेले असतात. दुसरी अशी की एकदा औषध घातले, महिनाभर बरे वाटले आणि सोडून दिले, तर फटीतली पुढची पिढी नेमकी तेव्हाच बाहेर येते. म्हणून कोणताही उपाय निवडला तरी तो सलग किमान तीन-चार महिने चालवण्याची तयारी ठेवावी, आणि ज्या घरात वस्ती जुनी आहे तिथे त्याहूनही जास्त.

आमच्या भागात कुत्र्याला गोचीड झाले की सगळ्यांचे बोट प्रथम म्हशीकडे जाते. बहुतेक वेळा हा म्हशीवर अन्याय असतो. गाईम्हशींवरचा नेहमीचा गोचीड पिल्लापासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो आणि त्याला गुरेच हवी असतात, तर तपकिरी गोचिडाला तिन्ही वेळा शक्यतो कुत्राच लागतो. त्यामुळे गोठा धुऊन काढला तरी कुत्र्याचे गोचीड जात नाहीत. मेंढरांमागे रानोमाळ फिरणाऱ्या जत, आटपाडी किंवा माणकडच्या कुत्र्यांवर इतर जातींचे गोचीडही चढतात हे खरे, पण ओसरीवर झोपणाऱ्या कुत्र्याने ते बहुधा दुसऱ्या कुत्र्याकडून आणि त्याच्या झोपण्याच्या जागेवरूनच घेतलेले असतात. दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की बाहेरगावची आणि गावातली कुत्री एकत्र फिरू लागतात, तेव्हा तपासणी वाढवावी. उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर त्रास सर्वाधिक असला, तरी आपल्याकडची थंडी इतकी कडक नसते की हिवाळ्यात घरातले गोचीड आपोआप संपतील.

तपासणी आणि काढणी

रोज पाच मिनिटे पुरतात, मात्र ती योग्य जागी खर्च करावीत. पाठीवरून हात फिरवून काही कळत नाही. कानाची पाळी उलटून आतल्या घड्या पाहाव्यात, मग पंजा हातात घेऊन बोटांची बेचकी एकेक करून उघडावीत, कारण पिल्ले तिथे तिळासारखी चिकटलेली असतात आणि मळ समजून सोडली जातात. त्यानंतर पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, शेपटीचे मूळ आणि पापण्यांची कड पाहावी. काळ्या किंवा दाट केसांच्या कुत्र्याचे केस उलट्या दिशेने फुंकर मारत पाहिले की कातडी उघडी पडते. मादी कुत्रीच्या पोटावर स्तनाग्रे असतात, नरालाही असतात, आणि ती गोचीड समजून ओढणारे लोक मी पाहिले आहेत. ओढण्यापूर्वी पाय दिसतात का, ते पाहावे.

काढताना बारीक टोकाचा चिमटा घ्यावा, गोचिडाचे पोट न धरता कातडीला लागून असलेले त्याचे तोंड धरावे आणि झटका न देता, न पिळता, सरळ वर ओढावे. पोट दाबले तर आतला द्रव जखमेत जाण्याचा धोका असतो. तोंडाचा तुकडा कातडीत राहिलाच तर सुईने कोरत बसू नये. तो सहसा आपोआप बाहेर पडतो. काढलेला गोचीड नखाने किंवा दगडाने चिरडू नये, स्पिरिटच्या किंवा साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाकावा. हे केवळ स्वच्छतेसाठी सांगत नाही. हाच तपकिरी गोचीड माणसाला इंडियन टिक टायफस नावाचा ताप देऊ शकतो, आणि त्याचे जंतू चिरडलेल्या गोचिडातून हातावरच्या ओरखड्यात जाऊ शकतात. हातमोजे घातले तर उत्तम, नाहीतर साबणाने हात धुवावेत. जळती काडी टेकवणे, व्हॅसलीन फासणे, रॉकेल चोळणे हे प्रकार वेळ घालवतात आणि गोचीड चिकटून राहण्याचा काळ वाढवतात.

औषधांची निवड

दुकानात जाण्यापूर्वी कुत्र्याचे वजन करावे, कारण गोळी, थेंब आणि फवारा या सगळ्यांची मात्रा वजनावर ठरते आणि अंदाज हमखास चुकतो. आधी आपण काट्यावर उभे राहावे, मग कुत्र्याला उचलून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. भुऱ्याला मी वीस किलोचा धरत होतो. तो निघाला साडेचौदा. कारवानी रक्ताचे कुत्रे उंच दिसते पण अंगावर मांस नसते.

सध्या सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे चघळण्याची गोळी. अफॉक्सोलॅनर, फ्ल्युरालॅनर, सॅरोलॅनर ही या गटातली औषधे आहेत. बाजारात नेक्सगार्ड, ब्रॅव्हेक्टो, सिम्पारिका अशी नावे ऐकू येतात. औषध रक्तात उतरते, गोचीड चावतो, रक्त पितो आणि साधारणपणे दोन दिवसांच्या आत मरतो. अफॉक्सोलॅनर आणि सॅरोलॅनर महिन्यातून एकदा द्यावे लागते, फ्ल्युरालॅनरचा परिणाम सुमारे बारा आठवडे टिकतो. कुत्रा विहिरीत पोहला, पावसात भिजला, कॅनॉलवर लोळून आला, तरी फरक पडत नाही; शेतावरच्या कुत्र्यासाठी हा मोठाच फायदा आहे. गोळी देऊनही अंगावर एखादा चालता गोचीड दिसला तर औषध खोटे निघाले असे समजू नये, कारण गोचिडाने चावल्याशिवाय हे औषध त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. उलट हीच या गोळीची कमकुवत बाजूही आहे: काही जंतू चावल्यापासून काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात जाऊ शकतात, तेव्हा गोळीने धोका पुष्कळ घटतो, शून्य होत नाही. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले आहेत त्याला ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. या गटामुळे काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे किंवा झटके दिसू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला होता. निरोगी कुत्र्यांच्या बाबतीत मात्र ही औषधे मोठ्या प्रमाणावर आणि समाधानकारकपणे वापरली जात आहेत. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना ती देऊ नयेत. काही गोळ्यांची वयाची अट त्याहूनही वरची असते, म्हणून पाकिटावरचा मजकूर वाचावा.

गोळीची किंमत ऐकून बरेच जण परत फिरतात. माझे म्हणणे एवढेच आहे की पाकिटाच्या किमतीची तुलना पाकिटाच्या किमतीशी करू नये. जेवढे आठवडे संरक्षण मिळते तेवढ्यांनी भागावे आणि मग स्वस्त वाटणारा शाम्पू किंवा पावडर महिन्यातून किती वेळा लागते ते त्याच्या शेजारी मांडावे. गोचीड तापाच्या एका आजारपणात रक्ततपासण्या, सलाईन आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांवर जो खर्च होतो, तोही त्याच कागदावर लिहावा.

मानेवर सोडण्याच्या थेंबांत फिप्रोनिल हे जुने आणि ओळखीचे औषध आहे. ते रक्तात न जाता कातडीच्या तेलकट थरातून अंगभर पसरते, आणि इथेच माझी चूक झाली. भुऱ्याला थेंब घालायचे म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्याला शाम्पूने स्वच्छ धुतले, औषध घातले, आणि दुसऱ्या दिवशी तो शेणात लोळून आला म्हणून पुन्हा धुतले. पहिल्या धुण्याने तेलाचा थर गेला आणि दुसऱ्याने औषध. थेंबांच्या आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. केस बाजूला सारून थेंब कातडीवर पडावेत, केसांवर नव्हे, आणि जागा अशी निवडावी जिथे कुत्र्याची जीभ पोहोचत नाही. पोहणाऱ्या किंवा सतत भिजणाऱ्या कुत्र्यासाठी मी आता थेंब सुचवत नाही. थेंबांच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. ते कुत्र्याला चालते, पण मांजराच्या जिवावर बेतते. घरात दोन्ही प्राणी एकाच गोणपाटावर झोपत असतील तर असे औषध आणूच नये.

औषधी पट्टा हा मधला मार्ग आहे. डेल्टामेथ्रिन किंवा फ्ल्युमेथ्रिनचे पट्टे काही महिने काम करतात आणि गोचिडाला चावण्याआधीच दूर ठेवण्याचा गुण त्यांच्यात असतो, जो गोळीत नाही. मात्र पट्टा बांधल्या दिवसापासून पूर्ण परिणाम मिळत नाही, काही दिवस जावे लागतात. मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे जातील इतपतच तो सैल असावा. लोंबता ठेवला की औषध कातडीपर्यंत पोहोचत नाही, आणि जास्तीचे टोक कापून टाकले नाही तर दुसरे कुत्रे ते चघळते. लहान मुले कुत्र्याच्या गळ्यात पडत असतील तर पट्ट्याऐवजी गोळी बरी. ज्या वस्तीवर गोचिडांचा उपद्रव फार आहे तिथे डॉक्टर कधी कधी गोळी आणि पट्टा दोन्ही सुचवतात, पण ही जोडी आपल्या मनाने लावू नये.

आता गोठ्यातल्या बाटल्यांविषयी. अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही गुरांच्या गोचिडांवरची औषधे आपल्या जवळजवळ प्रत्येक गोठ्यात असतात आणि स्वस्त असल्यामुळे कुत्र्यावरही ओतली जातात. अमिट्राझ कुत्र्यांसाठी वापरले जाते हे खरे आहे, पण पाण्यात किती मिसळायचे ते डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावे. ‘एक झाकण’ हे माप नव्हे, कारण झाकणे वेगवेगळी असतात. अमिट्राझने धुतलेला कुत्रा वाळेपर्यंत चाटणार नाही याची काळजी घ्यावी. चार महिन्यांच्या आतले पिल्लू, गाभण कुत्री आणि मधुमेह असलेला कुत्रा यांना ते लावू नये. कुत्रा पेंगू लागला, झोकांड्या देऊ लागला तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा आणि बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. तासगाव, पलूसकडच्या बागायतदारांना आणखी एक सांगणे आहे: द्राक्षबागेचा फवारणी पंप कितीही धुतला तरी तो कुत्र्यासाठी वापरू नये. पंपाच्या नळीत मागच्या आठवड्याचे काय उरले आहे हे कुणीच सांगू शकत नाही.

म्हशीला दिलेल्या आयव्हरमेक्टिनच्या बाटलीतले उरलेले इंजेक्शन कुत्र्याला टोचण्याची पद्धत तर बंदच व्हावी. कुत्र्याच्या गोचिडांवर त्याचा भरवसा नाही, आणि कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांत ते मेंदूपर्यंत पोहोचून थरथर, आंधळेपणा, बेशुद्धी आणि मृत्यू घडवू शकते. जुन्या घरांत माळ्यावर अजूनही बीएचसी या जुन्या कीटकनाशक पावडरचा एखादा डबा निघतो. त्या औषधावर देशात 1997 पासून बंदी आहे, तेव्हा तो उघडूही नये. तंबाखूच्या पाण्यातले निकोटिन कातडीतून शिरते, फिनाईल कातडी भाजते, आणि भाकरीत लसूण घालून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की लसणाने गोचीड मरत नाहीत, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मात्र मरतात. करंज किंवा कडुनिंबाच्या तेलाच्या वासाने गोचीड थोडा वेळ लांब राहत असतील, परंतु भिंतीत अंडी असताना एवढ्यावर विसंबू नये.

भिंत, चौकट आणि गोणपाट

तपकिरी गोचीड रक्त पिऊन उतरला की वर चढतो. म्हणून फरशी पुसून भागत नाही. चौकटीच्या वरच्या कडा, विजेच्या पट्ट्यांमागची पोकळी, छताच्या वाशांचे सांधे, दगडी जोत्यातल्या चिरांमधली माती आणि कुत्र्याच्या घराचे छप्पर आतून पाहावे. आम्ही ओसरीवरच्या साऱ्या फटी आधी लोखंडी तारेने खरवडल्या, निघालेला कचरा साबणाच्या पाण्यात बुडवला, सिमेंटने फटी भरल्या आणि वरून चुना दिला. गोणपाट जाळून टाकले आणि त्याऐवजी जुनी सतरंजी ठेवली, कारण ती दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालता येते. जमिनीवर टेकलेल्या अंथरुणापेक्षा भिंतीपासून हातभर दूर ठेवलेली लोखंडी बाज चांगली.

फटींत औषध फवारायचे असेल तर कुत्रा, मुले, कोंबड्या आणि पाण्याची भांडी बाहेर काढावीत आणि जागा पूर्ण वाळल्यावरच कुत्र्याला आत घ्यावे. अंड्यांवर फवाऱ्याचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून दोन ते तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी करावीच लागते, आणि बहुतेकांची मोहीम इथेच फसते: पहिल्या फवारणीनंतर भिंत स्वच्छ दिसते आणि दुसरी राहून जाते. गोठ्यांत गोचीड जाळण्यासाठी फ्लेमगन वापरतात. शेजारी कडब्याची गंज किंवा पाचट असेल तर फ्लेमगनच्या वाटेला जाऊ नये. घरात दोन-तीन कुत्री असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्यावे, आणि ओसरीवर दुपारी सावलीला येऊन बसणाऱ्या गल्लीतल्या कुत्र्यालाही शक्य असल्यास त्यातच धरावे.

ताप आला तर

गोचिडांमुळे होणाऱ्या आजारांना बोलताना सरसकट टिक फीवर म्हणतात, परंतु त्यात एर्लिकिया हा जिवाणू आणि बॅबेसिया हा रक्तपेशींत राहणारा परजीवी असे वेगवेगळे प्रकार येतात आणि त्यांची औषधे वेगळी असतात. कुत्र्याचे तापमान एरवी 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. अंगाला हात लावून ताप ठरवू नये, थर्मामीटर वापरावा. जेवण सोडणे, सुस्ती, मानेखालच्या गाठी सुजणे, हिरड्या फिकट पडणे, नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके उमटणे, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि गोचीड कधी दिसले होते ते सांगावे. मध्यंतरी घरातली तापाची गोळी देऊ नये. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि या आजारात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आधीच उतरलेल्या असताना तो थांबत नाही.

डॉक्टर रक्ताची मोजणी करतील. निरोगी कुत्र्याच्या प्लेटलेट साधारणपणे दोन ते पाच लाख असतात. काचेवर रक्ताचा थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बॅबेसिया दिसू शकतो, पण दिसला नाही म्हणजे नाहीच असे होत नाही. किटवरची तपासणी पुष्कळदा जंतू न शोधता त्याविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधते, त्यामुळे जुन्या आजाराचीही रेघ उमटू शकते. निर्णय किटवर न सोडता लक्षणांसह डॉक्टरांवर सोडावा. गुंतागुंतीच्या आजारात स्थानिक डॉक्टर पुढे पाठवत असतील तर सातारकरांसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हमरस्त्यावरच आहे.

एर्लिकियासाठी डॉक्सिसायक्लिन सहसा 28 दिवस द्यावे लागते. दोन-तीन दिवसांत कुत्रा उठून शेपूट हलवू लागतो, भाकरी खातो, आणि घरातले म्हणतात, झाला की बरा, कशाला आणखी गोळ्या. इथे थांबले तर जंतू शरीरात दबा धरून राहतात आणि काही महिन्यांनी आजार अधिक वाईट रूपात परततो. गोळी रिकाम्या पोटी देऊ नये आणि नुसती कोरडी घशात ढकलू नये. ती अन्ननलिकेला अडकली तर व्रण करते, म्हणून घासात घालून द्यावी आणि वर पाणी पाजावे. पपईच्या पानांचा रस डेंगीच्या आठवणीने बरेच जण देतात. जंतू त्याने मरत नाहीत, आणि आधीच जेवत नसलेल्या कुत्र्याला तो कडू रस पाजला की तो औषधाच्या घासालाही तोंड लावत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. बॅबेसियासाठी कोणते औषध द्यायचे हे त्याच्या प्रकारावर ठरते आणि त्यातली काही इंजेक्शने त्रासदायक असतात; ती दवाखान्यातच घ्यावीत.

गोळ्या संपल्यावर प्लेटलेट पुन्हा मोजून घ्याव्यात. एकदा झालेल्या आजाराने पुढच्या वेळेस संरक्षण मिळत नाही, तेव्हा गोचिडांची गोळी किंवा पट्टा या काळात आणि त्यानंतरही चालूच ठेवावा. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर भुऱ्याच्या गोळीची तारीख लाल पेनने गोल केलेली असते, आणि त्याच दिवशी बॅटरी घेऊन मी ओसरीवरची ती चौकट एकदा वरपर्यंत पाहून घेतो.